अश्मयुगीन दंतसेवेचं परीक्षण: दातकोरणं पास, गिरमिट काठावर, सफाई नापास

आदिमानव ब्रश करत नव्हता, टूथपेस्ट वापरत नव्हता, तरी त्याचे दात ठणठणीत होते, असा एक समज आहे. ‘नैसर्गिक’ दंतमंजनं आणि अश्मयुगीन आहार विकणाऱ्यांना तो फार सोयीचा पडतो. त्यात थोडं तथ्य आहे, पण श्रेय भलत्याच गोष्टीला दिलं जातं. कीड कमी होती ती ताटात पिष्ट आणि गोड कमी होतं म्हणून, निगा चांगली होती म्हणून नव्हे. निगा राखायची साधनं होती, उपचारही होते, आणि त्यांचे पुरावे जबड्यांत जसेच्या तसे सापडतात: खाचा, ओरखडे, भोकं, टार्टर (दातांवर साचून टणक झालेला थर). तेव्हा एखादं उपकरण विकत घेण्याआधी तपासावं तसा हा सगळा माल तपासून पाहू. वापर कसा, काम काय करतं, आणि कुठे दगा देतं.

दातकोरणं

या यादीतलं सगळ्यात जुनं साधन, आणि सगळ्यात भरवशाचंही. दोन दाढांच्या मधल्या फटीत, एनॅमल (दाताचं टणक बाहेरचं कवच) संपून मूळ सुरू होतं त्या मानेवर, गालाकडून जिभेकडे जाणारी एक गुळगुळीत अर्धगोल खाच दिसते. भिंगाखाली खाचेच्या तळाशी बारीक समांतर रेघा असतात, सगळ्या एकाच दिशेच्या. काडी तिथून वर्षानुवर्षं मागेपुढे फिरल्याची ही खूण मानली जाते. अशा खाचा सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीच्या होमो हॅबिलिस या आदिमानवाच्या दातांपासून दिसतात, आणि पुढे निअँडरथल व आधुनिक माणसांतही सापडतात.

गरज का पडायची ते समजून घेण्यासारखं आहे. भरड, वाळूमिश्रित खाणं चावताना दात फक्त वरून झिजत नाहीत, शेजारच्या दातावर घासून बाजूंनीही झिजतात. त्यामुळे दोन दातांमधला घट्ट स्पर्श सैल होतो. वरची झीज भरून काढायला दात आयुष्यभर किंचित किंचित वर सरकत राहतो आणि मूळ उघडं पडायला लागतं. त्यात हिरडी खाली बसली की मांसाचे तंतू अडकायला हक्काची जागा तयार होते. अडकलेला तंतू काढला नाही तर हिरडी सुजते, सुजली की दुखते, दुखली की माणूस काडी शोधतो.

काडी कसली होती? २००३ मध्ये मानवशास्त्रज्ञ लेस्लिया ह्लुस्को यांनी याची सरळ चाचणी घेतली. गवताच्या काड्या बबून माकडाच्या एका दातावर ८ तास आणि माणसाच्या एका दातावर ३ तास घासल्या, आणि जीवाश्मांवर दिसते तशीच खाच उमटली. गवत हा माल म्हणून उत्तमच: कुठेही मिळतं, तासावं लागत नाही, जाडी नेमकी फटीत मावेल एवढी, तुटलं तर दुसरं घ्यायचं. शिवाय लाकडासारखी कुसळं सुटत नाहीत.

पण दोष याच गुणांच्या पोटात आहे. गवताच्या पेशींमध्ये सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, म्हणजे काडी हीच बारीक कानस. दाताच्या मानेपाशी वर जाड एनॅमल नसतं. मुळावरचं सिमेंटम तिथे कागदाहून पातळ, आणि त्याखालचं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला मुख्य थर, एनॅमलपेक्षा कितीतरी मऊ. ३ तास हा आकडा किरकोळ वाटतो, पण एकाच फटीत रोज एक मिनिट काडी फिरवली तर सहा महिन्यांत तेवढा वेळ भरतो. म्हणजे अडकलेला घास निघतो, पण जागा अजून मोठी होते आणि पुढच्या वेळी जास्त घास अडकतो. गिऱ्हाईक कायमचं बांधून ठेवायची याहून चांगली युक्ती कुठल्याच विक्रेत्याला सुचली नसेल.

लाकडी काडीचाही एक पुरावा आहे. स्पेनमधल्या अतापुएर्का इथल्या सिमा देल एलेफांते गुहेतल्या सुमारे १२ लाख वर्षांपूर्वीच्या जबड्यात, अशाच खाचेशेजारच्या टार्टरमध्ये, खाण्यालायक नसलेल्या लाकडाचे तंतू अडकलेले मिळाले. जेवणातून ते येण्याचं कारण नाही, तेव्हा काडीचेच असावेत.

प्रत्यक्ष वापर किती हट्टाने व्हायचा हे क्रोएशियातल्या क्रापिनाच्या एका निअँडरथलच्या दातांवर दिसतं. काळ सुमारे १ लाख ३० हजार वर्षांपूर्वीचा. खालच्या जबड्याच्या डाव्या बाजूला एक उपदाढ वळलेली, तिसरी दाढ अडकलेली, आणि आसपासच्या चार दातांवर मिळून सहा खाचा. जिभेकडच्या बाजूला एनॅमलचे टवके उडालेले. म्हणजे नुसतं कोरणं नव्हतं, दुखऱ्या जागी काहीतरी टोकदार खुपसून वाट काढायची धडपड होती. याला दंतोपचार म्हणायचं की कळ सहन न झालेल्या माणसाचा उपद्व्याप, यावर वाद घालता येईल. दुखणं मात्र मिटलं नव्हतं हे उघड आहे. मिटलं असतं तर चार दातांवर सहा खाचा पडल्या नसत्या.

सगळ्या खाचा काडीच्या नावावर जमा करू नयेत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २७ जातींच्या जंगली वानर-माकडांचे ५०० हून जास्त दात तपासले गेले, आणि काडी हातात न धरणाऱ्या काही प्राण्यांतही अशाच खाचा सापडल्या. आम्लयुक्त फळं, अन्नासोबत गेलेली माती, झाडपाला दातांमधून ओढून खाण्याची सवय, यांनीही तशी झीज होऊ शकते. त्यामुळे एकट्यादुकट्या दातावरची एक उथळ खाच पाहून ‘दातकोरणं’ असा शिक्का मारणं घाईचं ठरेल. समांतर रेघा, नेमकी मानेवरची जागा, शेजारच्या दातावर समोरासमोर जुळणारी खाच आणि हिरडीच्या आजाराने झिजलेलं हाड, हे सगळं एकत्र दिसलं तर दावा पक्का.

गुण: ५ पैकी साडेतीन. फटीतलं काढायला उत्तम, बाकी कशालाही नाही.

सफाई

दाताच्या उघड्या पृष्ठभागावरचा चिकट थर, म्हणजे प्लाक, रोजच्या रोज काढण्याचं कुठलंही साधन वापरात असल्याचा ठोस पुरावा या जबड्यांत दिसत नाही. दिसतो तो उलटा पुरावा. प्लाक तसाच राहिला तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसून काही दिवस-आठवड्यांत तो दगडासारखा टणक होतो. तोच टार्टर. प्रागैतिहासिक दातांवर तो मुबलक आढळतो, कधी कधी दाताच्या कडेला जाड कठड्यासारखा. संशोधकांना यातून जुने जिवाणू, पिष्टाचे कण, वनस्पतींचे तंतू मिळतात म्हणून ते खूश असतात. सेवेचं परीक्षण करणाऱ्याला मात्र यातून एवढंच कळतं की घासणं होत नव्हतं.

भरड खाण्याने दात ‘आपोआप स्वच्छ’ होत, हेही पुरतं खरं नाही. चावण्याचा घासा दाताच्या वरच्या भागाला बसतो. हिरडीच्या कडेला आणि दोन दातांच्या मध्ये तो पोचत नाही, आणि हिरडीचा आजार सुरू होतो तो तिथेच. भरड खाण्याचा खरा फायदा वेगळा आहे. दाढेच्या वरच्या खोल घळी झिजून सपाट होतात, आणि कीड जिथे दडी मारते ती जागाच नाहीशी होते. मात्र ही झीज थांबत नाही. एनॅमल संपतं, मग डेंटिन, आणि एक दिवस आतला पल्प, म्हणजे नसा आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा, उघडा पडतो. तिथून जिवाणू मुळाच्या टोकापर्यंत जातात आणि हाडात गळू होतं. प्रागैतिहासिक जबड्यांत मुळाच्या टोकाशी दिसणारी गोल भोकं बऱ्याचदा अशीच पडलेली असतात.

गुण द्यायला इथे सेवाच नाही.

गिरमिट

आता खरी रंगत. पाकिस्तानातल्या बलुचिस्तानात मेहरगढच्या नवाश्मयुगीन दफनभूमीत ९ प्रौढ माणसांच्या ११ दाढांमध्ये कोरून पाडलेली भोकं सापडली. काळ साधारण ९,००० ते ७,५०० वर्षांपूर्वीचा. हे संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. भोकांचा व्यास १.३ ते ३.२ मिमी, खोली ०.५ ते ३.५ मिमी. एका माणसाच्या तीन दाढांना भोकं होती, आणि एका ठिकाणी एकाच दाढेला दोनदा भोक पाडलेलं होतं.

हत्यार कमानीने फिरवायचं गिरमिट होतं असं मानलं जातं. भाग मोजके: चकमकीच्या दगडाचं बारीक टोक, ते बसवलेला लाकडी दांडा, दांड्याला वेढा घातलेली दोरी, दोरी ताणून धरणारी कमान आणि दांडा वरून दाबायला मुठीत मावणारा ठोकळा. कमान पुढेमागे ओढली की दांडा आळीपाळीने दोन्ही बाजूंना गरगरतो. मेहरगढचे कारागीर मण्यांना भोकं पाडण्यात तरबेज होते, तेव्हा तेच कसब दाढांवर वापरलं गेलं असणार. खनिजांच्या कठीणपणाच्या मोहस मोजपट्टीवर एनॅमल ५ च्या आसपास, चकमक ७. त्यामुळे दगडाचं टोक दातात जातं यात नवल नाही. प्रयोगात अशा गिरमिटाने माणसाच्या एनॅमलमध्ये तसंच भोक पाडायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

कामाची सफाई वाखाणण्यासारखी आहे. भोकांच्या भिंतींवर टोक फिरल्याची वर्तुळाकार वळ्यांची नक्षी अजून दिसते, आणि निदान एका दाढेत भोक पाडल्यावर आतल्या भिंती पुन्हा कोरून नीट केल्या होत्या. भोकांच्या कडा पुढे चावून चावून गुळगुळीत झाल्यात, म्हणजे पेशंट त्यानंतरही बराच काळ त्याच दाढेने जेवत होता. हे दागिने नव्हते हेही नक्की. मागच्या दाढांच्या आत कोण पाहणार?

तरीही आपण ज्याला उपचार म्हणतो तो हाच, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. ११ पैकी किमान ४ दाढांमध्ये भोकासोबत कीड दिसते, म्हणजे तिथे हेतू स्पष्ट आहे. बाकीच्यांचं कारण उमगत नाही. आणि भोक पाडून झाल्यावर त्यात काही भरल्याचा पुरावा उरलेला नाही. ही या सेवेची सगळ्यात मोठी त्रुटी. डेंटिनमध्ये हजारो सूक्ष्म नळ्या असतात आणि त्या पल्पपर्यंत जातात. वरचं झाकण काढून भोक तसंच सोडलं तर थंड, गरम, गोड, सगळं सरळ कळेच्या रूपाने पोचतं, आणि अन्न साठायला एक नवी खळी आयती मिळते.

दुसरा धोका उष्णतेचा. आजच्या दवाखान्यात ड्रिल चालू असताना पाण्याचा फवारा सुरू असतो तो दात गार ठेवायला; पल्पचं तापमान साडेपाच अंश सेल्सियसने वाढलं तरी तो मरायची भीती असते. कमानीच्या गिरमिटाचा वेग आजच्या यंत्रांच्या मानाने फारच कमी, पण टोक बोथट आणि हाताचा दाब जास्त, त्यात पाणी नाही. साडेतीन मिमी खोल गेलेलं भोक म्हणजे पल्पच्या दारातच उभं राहणं. भूल नव्हती हे वेगळं सांगायला नको.

या गावात ही पद्धत सुमारे दीड हजार वर्षं टिकली आणि मग बंद पडली. दातांचं दुखणं संपलं नव्हतं, म्हणजे गिऱ्हाइकांची कमतरता नव्हती. तंत्राला गुण ५ पैकी चार. सेवा म्हणून दोनच, कारण काम अर्ध्यावर सोडलंय.

कोरणं आणि भरणं

मेहरगढच्याही आधी इटलीत हाताने कोरायचा प्रकार होता. विलाब्रुना इथे १९८८ मध्ये सापडलेल्या सुमारे २५ वर्षांच्या पुरुषाच्या खालच्या उजव्या अक्कलदाढेत मोठी कीड होती, आणि त्या खळीच्या आत दगडी टोकाने खरवडल्याचे ओरखडे आहेत. काळ सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचा. संशोधकांनी लाकूड, हाड आणि चकमकीची टोकं अशी तिन्ही दातांवर वापरून पाहिली. ओरखडे जुळले ते दगडाशी. खळीच्या कडेचे टवके पुढे झिजून गुळगुळीत झालेत, म्हणजे माणूस त्यानंतर जगला. पण कीड पुरती निघाली नव्हती. हाताने खरवडताना वरचा मऊ भाग निघतो, खोल कोपऱ्यातला राहतो, आणि राहिलेली कीड पुन्हा आपलं काम सुरू करते.

भरण्याचे दोन नमुने आहेत, आणि दोन्ही कल्पक. इटलीतल्याच रिपारो फ्रेदियान इथल्या सुमारे १३,००० वर्षांपूर्वीच्या माणसाचे वरचे पुढचे दोन दात पल्पपर्यंत कोरून मोठे केलेले आहेत, आणि आत बिटुमेनचे (नैसर्गिक डांबराचे) अवशेष, वनस्पतींचे तंतू आणि केस मिळालेत. बिटुमेन पाणी अडवतं, चिकटून राहतं, जिवाणूंना मानवत नाही. तंतूंनी त्याला पकड येते. खळी साफ करायची, मग बंद करायची, हा क्रम इथे पहिल्यांदा पूर्ण होताना दिसतो, आणि म्हणूनच हा माल मेहरगढपेक्षा वरचढ वाटतो. फक्त पल्प आधीच उघडा पडलेला असेल तर वरून झाकण घालून आतला जंतुसंसर्ग कोंडला जातो, आणि मग तो हाडाच्या बाजूने वाट काढतो.

दुसरा नमुना स्लोव्हेनियातल्या लोन्चेचा. सुमारे ६,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचा डावा सुळा झिजून वर डेंटिन उघडं पडलेलं आणि दाताला उभी चीर गेलेली. त्या उघड्या भागावर आणि चिरेच्या वरच्या टोकात मधमाश्यांचं मेण बसवलेलं आहे. मेण सुमारे ६२ ते ६५ अंशांना वितळतं, त्यामुळे कोमट करून बोटाने दाबून बसवणं सोपं. ते उघड्या नळ्या झाकतं, थंड-गरमाची कळ लगेच थांबते. मेण मेल्यानंतर घातलं गेलं असण्याची शक्यता पुरती फेटाळता येत नाही. जिवंतपणीच घातलं असेल तर हा तात्पुरता उपाय म्हणून चोख आहे. कायमचा नाही: मेण गार होताना आकसतं, कडेने फट राहते, आणि तोंडात गरम घास गेला की ते मऊ पडून चावण्याखाली सरकतं. दर काही दिवसांनी पुन्हा बसवायची तयारी असेल तरच उपयोग.

चघळायचं डांबर आणि कडू पाला

बर्च झाडाच्या सालीचं डांबर चघळल्याचे गोळे स्कँडिनेव्हियात सापडतात, काहींवर दातांचे ठसे आहेत. डेन्मार्कमधल्या सिल्टहोमच्या सुमारे ५,७०० वर्षांपूर्वीच्या गोळ्यातून तो चघळणाऱ्या व्यक्तीचा संपूर्ण जनुकसंच वाचता आला. बर्चच्या सालीतल्या बेट्युलिन या द्रव्यामुळे हे डांबर थोडं जंतुनाशक आहे, पण त्याच गोळ्यात हिरडीच्या आजाराशी जोडलेले जिवाणू मजेत बसलेले मिळाले. स्वीडनच्या हुसेबी क्लेवच्या त्याहून जुन्या गोळ्यांतही हिरडीच्या आजाराच्या खुणा आहेत. हे डांबर मुळात दगडी पाती दांड्याला चिकटवायच्या कामाचं. मऊ करायला चघळलं असेल. दात स्वच्छ करायला घेतलं असेल तर पैसे वाया.

स्पेनच्या एल सिद्रोनमधल्या निअँडरथलांच्या टार्टरमध्ये यारो आणि कॅमोमाइल या कडू वनस्पतींच्या खुणा मिळाल्यात. दाताला गळू झालेल्या एकाच्या टार्टरमध्ये पॉपलर झाडाचे जनुकीय अंशही होते. पॉपलरच्या सालीत ॲस्पिरिनशी नातं असलेलं सॅलिसिलिक आम्ल असतं. वेदनाशामक म्हणून ते घेतलं असावं, ही कल्पना आकर्षक आहे, पण हे जनुकीय अंश अगदी थोडे असतात आणि त्यांच्या अर्थावर तज्ज्ञांचं एकमत नाही. सुदानमधल्या अल खिदाय इथली नोंद मला जास्त भक्कम वाटते. तिथल्या लोकांच्या टार्टरमध्ये नागरमोथ्याच्या खुणा हजारो वर्षांच्या कालखंडात सापडतात. नागरमोथा कीड करणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स जिवाणूला रोखतो, आणि नंतरच्या शेती करणाऱ्या तिथल्या लोकांत अपेक्षेपेक्षा कमी कीड आढळते. ते त्याचे कंद खात होते ते पोट भरायला. दातांना झालेला फायदा फुकटचा.

तर मग दात शाबूत कशामुळे?

तोंडातलं आम्ल वाढून पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळायला लागतं. म्यूटन्ससारख्या जिवाणूंना साखर आणि शिजलेलं पिष्ट मिळालं की ते आम्ल तयार करतात, आणि हा पुरवठा दिवसातून जितक्या वेळा होईल तितक्या वेळा दात विरघळतात. बहुतेक शिकारी-संकलक गटांत किडक्या दातांचं प्रमाण १४ टक्क्यांच्या आत राहिलेलं दिसतं, शेती आल्यावर ते अनेक ठिकाणी चढलं.

या नियमाची कसोटी मोरोक्कोच्या ताफोराल्त गुहेत लागते. तिथली माणसं १५,००० ते १३,७०० वर्षांपूर्वीची, शिकारी-संकलकच, शेती नाही. पण ओक झाडाची पिठूळ, गोडसर फळं ते भरपूर खात आणि साठवत. तपासलेल्या ५२ प्रौढांपैकी फक्त तिघांना कीड नव्हती, आणि एकूण दातांपैकी ५१.२ टक्के किडलेले होते. दगडाची हत्यारं होती, काड्या होत्या, भरड खाणं होतं. त्यातलं काहीच कामी आलं नाही. अश्मयुगीन आहाराच्या नावाखाली दिवसभर खजूर आणि मध तोंडात ठेवणाऱ्यांनी ही आकडेवारी एकदा नजरेखालून घालावी.

आणि शेतीच्या फार आधीही सगळ्यांचे दात ठणठणीत नव्हते. झांबियातल्या काब्वे इथे १९२१ मध्ये मिळालेल्या, सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीच्या कवटीच्या वरच्या जबड्यात दहा दात किडलेले आहेत.

आज यातलं काय घ्यावं?

गिरमिट, बिटुमेन, मेण यांच्या वाटेला जाऊ नये. दुखरा दात घरी कोरणं म्हणजे क्रापिनाच्या निअँडरथलची नक्कल. दातकोरणं मात्र घेण्यासारखं आहे, फक्त गवताचं नको. मऊ लाकडाची, तिकोनी छेदाची काडी घ्यावी, तोंडात क्षणभर भिजवून मऊ करावी, सपाट बाजू हिरडीकडे ठेवून आडवी सरकवावी आणि दोनतीन वेळा हलकेच पुढेमागे करून काढून घ्यावी. रक्त येत राहिलं तर ती खूण हिरडीच्या सुजेची आहे, काडी जास्त जोरात फिरवायची नव्हे. आणि जिथे दोन दात घट्ट भिडलेत, हिरडी वरपर्यंत भरलेली आहे, तिथे काडी मुळीच घुसवू नये. तिथे दातांचा दोरा (फ्लॉस) चालतो.